सहा घरांत मी एकटा

४ जानेवारी
आजपासून मी दोन नंबरात राहतो. तीनमध्येही. पाचमध्येसुद्धा! घानातल्या कुमासी शहराबाहेर सेर्वामॅडमनी ही सहा घरं बांधली, वर्ष झालं, एक विकलं नाही. ओसाड वस्तीत पहिलं घर कोण घेणार? म्हणून माझी नेमणूक — पडदे लावायचे, दोरीवर कपडे टाकायचे, शेगडीचा धूर काढायचा. "नांदती घरं वाटली पाहिजेत, बायोर." इस्टरपर्यंत एकही गेलं नाही तर मॅडम धंदा गुंडाळणार. वीस गवंडी घरी. मीही.
जन्मात एक घर नव्हतं, आता सहा!

९ जानेवारी
बाळाचे जुने कपडे आणायला बाजारात गेलो. कुणाच्या तरी मयताचे ढोल वाजत होते — मागेमागे गेलो, जेवूनच आलो. मॅडम भडकल्या. "तुला कपडे आणायला पाठवलं की रडायला, रे भटक्या?" कपडे तीन नंबरात टांगले.

१७ जानेवारी
नुसती धूळ. कुत्रंही फिरकलं नाही.

२५ जानेवारी
गिऱ्हाईक! फ्रेमा आंटी, रिटायर झालेल्या नर्स. घर राहिलं बाजूला, दोरीवरचं झबलं बघून म्हणाल्या, "बाळाचं नाव काय?" तोंडातून निघून गेलं — क्वाबेना. "अगंबाई, म्हणजे मंगळवारी जन्मलेला! माझा मुलगाही मंगळवारचाच, क्वाबेनाच. परदेशात असतो, फोन तेवढा करतो." खूश झाल्या. मॅडमही खूश. मी नाही.

३ फेब्रुवारी
आंटी पुन्हा. बाळासाठी विणलेली टोपी! "आईला बोलाव ना बाहेर." बाजारात गेलीय, म्हणालो. "शेजार आहे म्हणून घेते बघ. एकटीला भिंती खायला उठतात." परवा सही. घर गेलं की गवंडी वाचले. मग मला जेवण का जात नाही?

५ फेब्रुवारी
सांगून टाकलं. सही करायच्या आधी. तीन नंबरचं दार उघडून दाखवलं — आत काहीच नाही. आंटी आत डोकावल्या. मग, "म्हणजे टोपी कुणासाठी विणली रे मी?"
गेल्या. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "उद्या नीघ."

६ फेब्रुवारी
निघतच होतो. फाटकात आंटी, सोबत चर्चमधल्या चार बायका! "हे घर नको. पण काल जाताना रागारागाने सहाही घरांत खोट शोधत फिरले, एक भेग सापडली नाही. माझ्यासकट पाचही जणींची स्वतःची घरं छपराविना अडकलीत. पुरी करून द्याल?" मॅडम स्वतः खुर्च्या आणायला धावल्या. मी एकीला विचारलं, "काम कधीपासून बंद?"
"पाया घातला तेव्हा धाकटा पोटात होता," ती म्हणाली. "परवा त्याचं लग्न झालं."