मोडकं देऊळ कोणी बांधतं का?

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आत्ता अडीच वाजलेत, चार वाजता आमचे साहेब येणार आहेत, आणि माझ्या डब्याच्या पिशवीत कौलाचा एक तुकडा आहे. परवा मी तो लपवलाय. हो, लपवलाय! तुमच्या मुलीने!

काल्हेरला शेठच्या बागेत बसलेय. समोर तुमचं देऊळ. अर्धी कमान, पाच उभे खांब, सहावा आडवा. बाग विकली गेलीय, इथे गोदाम होणार. देऊळ खरंच जुनं निघालं तरच जागा वाचेल. म्हणून पुरातत्त्व खात्याने आम्हाला खणायला पाठवलं, आणि कामाची प्रमुख कोण, तर मी.

या देवळापायी सरकारला किती अर्ज लिहिलेत तुम्ही! टेमघरच्या घरात टेबलावर ताट ठेवायला जागा नसायची. शिलाहारांच्या काळातलं, हजार वर्षांचं आहे, असं इतकं ठासून सांगायचात की गावात अजून तुम्हाला ‘देवळाचे गुरुजी’ म्हणतात.

परवा पायाच्या अगदी खालच्या दगडाखाली, चुन्यात घट्ट रुतलेला हा तुकडा निघाला. मंगलोरी कौल, बाबा. तुमच्या शाळेच्या छपरावर होती तसलं. ही कौलं इंग्रजांच्या काळात आली, शिलाहारांना कुठून मिळणार? मजूर चहाला गेले होते, खड्ड्यात मी एकटीच. सापडलेल्या वस्तूचा आधी फोटो काढायचा, चिठ्ठी लावायची, वहीत नोंद करायची, हे मीच नवशिक्यांना शिकवते. आणि मी तो सरळ पिशवीत टाकला.

काल बुधाजीकाका आले. त्यांचे आजोबा या बागेत गवंडी होते, आठवतं ना? खड्ड्यात डोकावून म्हणाले, “बाय, काय शोधतेस? हे देऊळ माझ्या आज्यानं बांधलंय. शेठ विलायतेत बागांत असली मोडकी देवळं बघून आलेला. बोलला, बागेत शोभेला मोडकंच पायजे. आज्यानं मोडकंच बांधलं.”

“हे बाबांना नाही सांगितलंत?”

“तुलाच सांगितलं व्हतं ना! तू वहीत लिवलंस. गुरुजींनी खोडलं, असं मागनं तूच येऊन बोललीस.”

घरी जाऊन माळ्यावरून माझी पाचवीची वही काढली. तुम्हीच मला काकांकडे माहिती लिहून आणायला पाठवलं होतंत. माझं वाकडंतिकडं अक्षर: ‘बुधाजीकाकांच्या आज्याने मोडकं देऊळ बांधलं.’ त्यातला ‘बांधलं’ लाल शाईने खोडून वर तुम्ही लिहिलंय, ‘पाहिलं’. आणि बाजूला, ‘मोडकं देऊळ कोणी बांधतं का? विचार करून लिही.’

बाबा, एकदा काकांना जाऊन विचारायचं तरी! त्यांचं ‘हाय-न्हाय’ अशुद्ध वाटलं म्हणून त्यांचं म्हणणंही चुकीचं वाटलं का तुम्हाला? फार चिडलेय मी तुमच्यावर. आणि तरीही दोन दिवस हा तुकडा खाडीत फेकावासा वाटतोय, तुमचं म्हणणं खोटं ठरू नये म्हणून. खाडी वीस पावलांवर आहे. कोणाला कळणार आहे?

फाटकाशी जेसीबी येऊन थांबलाय. ड्रायव्हर मधूनमधून माझ्याकडे बघतो.

साडेतीन. आत्ताच उठून तुकडा ट्रेमध्ये ठेवला. चिठ्ठी लावली. नोंदवहीत लिहिलं, ‘परवा सापडला, मी लपवून ठेवला होता.’ हे वाचून साहेब काय करतील, माझी नोकरी राहील का, ठाऊक नाही. काका आजही आले होते, फाटकाशी उभे होते. त्यांना हाक मारून विचारलं, “काका, आज्याचं नाव काय?”

“राघो,” ते म्हणाले. “आजपावतर कुनी विचारलं न्हाय.”

देऊळ वाचवीन असं वचन देत नाही, ते माझ्या हातात नाही. वचन देते ते एवढंच, की अहवालाचं पहिलं वाक्य माझ्या पाचवीच्या वहीतलं असेल, आता नावासकट. राघो गवंड्याने मोडकं देऊळ बांधलं. यातला ‘बांधलं’ आता मी कोणालाही खोडू देणार नाही, बाबा. तुम्हालासुद्धा.

साहेबांची गाडी आली. उठते.

तुमचीच,
शुभा