श्रावणातली सुई

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ९ ऑगस्ट १९३२

चि. शिवशरण भावजी यांस काशम्माचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुम्ही मुंबईहून पाठवलेल्या इन्शुलिनच्या बाटल्या पोचल्या. कंपाउंडर रोज सकाळी येऊन ह्यांना सुई टोचून जातात. हे हूं की चूं करत नाहीत. लहानपणी देवी टोचणारा आला म्हणून तुम्ही कणगीत लपला होतात, ती गोष्ट मात्र त्यांना रोज ऐकवतात.

मधुमेहानं ह्यांची पूजाच मोडली होती. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं की मोरीकडे उठावं लागे, मग डोळ्यांत पाणी येई. आता सुई झाली की भिंतीला टेकून बसतात ते हलत नाहीत. काल श्रावणी सोमवार, तास उलटला तरी डोळे मिटलेले. घाम सुटला होता, तो मी पदरानं टिपला. शेजारच्या अंबुबाई लांबूनच पाया पडल्या. म्हणाल्या, समाधी लागलीया की, लई पुण्यवान माणूस हाय. पुष्कळ हाका मारल्यावर डोळे उघडले, पण मला ओळखेनात. देवाजवळून परत यायला वेळ लागणारच.

सुईनंतर लगेच खायला द्या, असं कंपाउंडर बजावतात. पण पूजेआधी हे पाणीसुद्धा घेत नाहीत, हे तुम्ही जाणताच. जाऊबाई नीलम्माला आशीर्वाद सांगा. लोभ आहे तो वाढवा.

तुमची वहिनी,
सौ. काशम्मा

मुंबई, १५ ऑगस्ट १९३२

ती. सौ. वहिनींस शिवशरणचा सा. न. वि. वि.

परगावी होतो, पत्र आज हाती पडलं. तसाच डॉक्टरांकडे धावलो. तार केलीच आहे, नीट उलगडा व्हावा म्हणून हे पत्र.

वहिनी, अण्णांची ती समाधी नव्हे. सुईनं रक्तातली साखर उतरते. पोटात अन्न नसलं की माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो, जिवावरही बेततं. सुई पूजेनंतर द्या आणि लगेच जेवू घाला. पुन्हा तसे बसले तर गदागदा हलवा, जिभेला साखर लावा. साखर त्यांना विष म्हणून तुम्ही कुलपात ठेवली आहे, ती आधी बाहेर काढा. पूजा मोडल्याचं पाप माझ्या माथी. मला फार भीती वाटते आहे. अण्णांना नमस्कार. उलटटपाली खुशाली कळवावी.

आपला,
शिवशरण

सोलापूर, २ सप्टेंबर १९३२

चि. भावजींस आशीर्वाद.

तुम्ही आलात, सगळं मार्गी लावून गेलात. समोर बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. मला अजून रडू येत नाही. तव्याचा चटका बसतो, तोही मागाहून कळतो.

त्या सोमवारी तुमची तार दुपारी आली. हे सकाळीच बसले होते. गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या होत्या, मी कुणाला बोलू दिलं नाही. मग ह्यांचा हात थरथरू लागला. लिंग खाली पडेल, एवढीच धास्ती वाटली. म्हणून त्यांच्या हाताखाली मी माझा हात धरला. थरथर थांबली तेव्हा मला बरं वाटलं. हात गार पडला तरी मी तशीच धरून बसले होते. आपल्यात बसवूनच माती देतात. ह्यांना वेगळं बसवावं लागलं नाही.

अंबुबाई रोज येतात. शिवानं पूजेतूनच नेलं म्हणतात आणि माझ्या त्या हाताला कपाळ लावून जातात. मी लावू देते.

लोभ असावा, हे सवयीनं लिहिते.

काशम्मा