सांगीच्या लग्नाचं मी सांगून देलं

मंगळवार, सांजेले

सांगीच्या लग्नाचं मीच ताईले सांगून देलं. ताई म्हंजे रिसोडवरून पोरींची बैठक घ्याले येते ते. सांगी पंधराची हाये, माह्यासंगच शाळा सुटली तिची. नवऱ्या पोराले ऊसतोडीले जायाचं हाये अन् तिथं नवरा-बायकोची जोडीच लागते, म्हनून परवा गुरुवारी देवळात चुपचाप लगन उरकून राह्यले.

आज बैठकीत समद्या पोरी होत्या. ताई एसटीची वाट पाहून राह्यली होती, तवा मी मांगून जाऊन सांगतलं. ताई म्हने, "तुह्यं नाव कोनाले कळनार नाई. उद्या लगन थांबवाले सरकारी सायबांले घिऊनच येतो."

पन सांगीले कळनारच. तिनं फक्त मलेच सांगतलं होतं.

आता सांगी ओढनीत मेंदीचे कोन लपवून आली. "तूच काढजो वं. वाकडीतिकडी काढली तरी चालते."

"तुले कराचं हाये का लगन?"

ते हासली. "मले इचारनारी तूच पयली." कोन ठिवून गेली.

ते कोन मी उशाखाली ठिवले. काहून सांगतलं मी? उद्यापासून ते माह्याशी बोलनार नाई. नाई तं नाई. तोंड फिरवून माह्या घरासमोरून गेली तं जाऊ दे. गावात दिसो तरी.