भुरीचा श्वास

९ डिसें.
भुरी सकाळपासून शिंकून राहिली. आमच्या चांदी मांजरीच्या दोन पिल्लांतली ही मोठी अन् खादाड. आज वाटीपाशी आली, हुंगलं, मागं फिरली. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "थंडी हाय. मांजरीले सर्दी होत नाई का?" असेल.

१० डिसें.
डावा डोळा चिकटला. कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसला, तेव्हा उघडला. लाल. नाकातून काल पाणी होतं, आज पिवळं. मासोळीचा तुकडा नाकाशी नेला तरी ढिम्म. वासच येत नसेल. दुसरं पिल्लू, काळ्या, तिलाच चिकटून झोपतो. वेगळं करावं का? चांदी कुणाजवळ राहील? ठरेना.

११ डिसें.
अंग तापलेलं. ह्यांनी आपल्या तापाच्या गोळीचा तुकडा दुधात कालवला. चांगल्यासाठीच. मला कसंतरी वाटलं. वाटी हातातून घेतली, लाखनीच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.
डॉक्टर म्हणाले, "पोटात गेली का? नाई ना? ते गोळी मांजरीसाठी विष हाय बाई. तिले घेऊन या."
ह्यांनी दूध मोरीत ओतलं. वाटी घासत बसले, किती वेळ.
टोपलीत घालून, वरून ओढणी बांधून नेली. गाडीवर मागं बसले होते मी. शेजारून ट्रक गेला की टोपली थरथरायची. डॉक्टरांनी छाती ऐकली, इंजेक्शन दिलं, पातळ औषध लिहिलं. "दुसऱ्या पिल्लाले वेगळं ठेवा. वाट्या वेगळ्या. हिले हात लावला की साबणानं धुवा, मंग त्याच्याकडं जा. तोंड उघडून श्वास घेतला तं उद्याची वाट पाहू नका."
"आमाले लागते का हे?" ह्यांनी विचारलं.
"सहसा नाई."
शेवटचं ते तोंड उघडण्याचं... डोक्यातून जात नाही.

१२ डिसें.
न्हाणीत गरम पाण्याची बादली ठेवून दार लावलं, तिला मांडीवर घेऊन बसले. वाफेनं नाक थोडं सुटलं. मासोळीचं पाणी बोटाला लावलं, चाटलं. दोनदा. रडू आलं.
पण नजर तिच्या बरगड्यांवरून हटत नाही. "तू जेव तं," हे म्हणाले. ताट झाकून ठेवलं.

१३ डिसें.
दुपारी तोंड उघडलं तिनं. जीभ दिसत होती. मी टोपली ओढली. ह्यांनी पाहिलं अन् गाडी काढली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "थेट भंडाऱ्याले न्या, तिथं ऑक्सिजन मिळन."
काचेच्या पेटीत ठेवली तिला. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथंच राहू द्या. काही झालं तर फोन करू."
काही झालं तर, म्हणजे?

१४ डिसें.
काळ्या खातो आहे. चांदी सगळ्या खोल्या हुंगून आली, पलंगाखाली पाहिलं.
फोन आला नाही.
"तू लाव," हे म्हणाले.
"तुमी लावा."
ह्यांनी उचलला, चष्मा लावला, नंबर काढला. मग फोन तसाच गादीवर ठेवला, आमच्या दोघांच्या मधे.