फाटकाबाहेरचे नऊ तास

प्रिय दादा,

फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. आता निमूट शेवटपर्यंत वाच.

माझं बरं चाललंय. दिवसा औषधांच्या गोदामात आलेला माल नोंदवते, संध्याकाळी सप्लाय चेनचा कोर्स. वर्गात मीच सगळ्यांत मोठी. पोरं मला ताई म्हणतात आणि खुशाल माझ्या वह्या उतरवून घेतात. साठा किती ठेवायचा, माल कुठे अडतो, ही गणितं पहिला महिनाभर डोक्यावरून गेली. रडलेसुद्धा. मग पहाटे उठून तीच तीच सोडवत बसले. आता येतात.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाला मालाची एक खरी खेप अभ्यासायची होती. मी तुझी निवडली. तुला विचारलं नाही, रागव हवं तर. ज्या लसी खराब झाल्या आणि तुझी नोकरी गेली, तीच. अहवालात एकच ओळ आहे, चालकाने गाडीतलं कूलिंग बंद ठेवलं. तूही कधी तोंड उघडलं नाहीस. तू त्या लसी जिथे पोचवायला गेला होतास, त्या गोदामात चार खेटे घातले, तेव्हा कुठे फाटकावरची नोंदवही बघायला मिळाली. तुझी गाडी सकाळी सातला आली होती, आत घेतली चारला. अकरा गाड्या एकाच वेळेला बोलावलेल्या आणि माल उतरवायला जागा दोनच. नऊ तास उन्हात कूलिंग चालवून तुझं डिझेल संपलं. तिथल्या पहारेकऱ्याला तू अजून आठवतोस. तीनदा आत जाऊन तू हातापाया पडलास म्हणे. हे घरी का नाही रे सांगितलंस?

वर्गात सरांनी विचारलं, मग चूक कोणाची? मी म्हणाले, "ज्याने अकरा गाड्यांना एकच वेळ दिली, त्याची. चालक माझा भाऊ आहे." सर म्हणाले, हे भावाच्या कंपनीलाही कळव. कळवलंय. उत्तर नाही. पुन्हा कळवीन.

सोमवारपासून मला आमच्या गोदामात बढती आहे. गाड्यांच्या वेळा आता मी ठरवणार.

वहिनी परवा सांगत होती, तुझ्या लायसन्सची मुदत शुक्रवारी संपतेय आणि तू ते नव्याने काढणार नाहीस. त्यासाठीच हे पत्र. अर्ज भरून सोबत ठेवलाय. सही तेवढी तुझी लागेल. गुरुवारी मी येतेय, आपण दोघं जाऊन देऊ.

तुझीच, होती तेवढीच हट्टी,
भुणभुण