डोंगरीचा चढ आणि सोळा दात

शनिवार, डिसेंबर १९९१, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. सायकल पळावी म्हणून हौसेने चेनचं मागचं चक्र, ते फ्रीव्हील, सोळा दातांचं छोटं बसवलं. मुर्ध्यापर्यंत पळालीही. मिठागरात बगळे दिसले म्हणून उगाच थांबलो, ते जाऊ दे. डोंगरीचा चढ लागला आणि पॅडल हलेना! उतरून ढकलायला लागलो. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली मावशी मागून येऊन पुढे गेली. वर विचारते, "काय रं, सायकल आजारी हाय का?"

सुरेश चढावर हसत उभा. उद्या त्याच्यासोबत कसारा घाट चढायचाय ना! म्हणाला, "हा चढ न उतरता चढलास तरच चल. घाटात तुझी वाट बघत बसणार नाही मी." त्याच्या सायकलीला दूधवाल्यांसारखं बावीस दातांचं मोठं फ्रीव्हील. कालपर्यंत त्यावरून मीच त्याला चिडवत होतो. सोळा दात! रस्त्यात चढ आहे हे मला आधी दिसलं नाही?

तसाच सायकलच्या दुकानात गेलो. "भाई, बाईस का लगा दो." तर दुकानदार म्हणतो, "स्पीड तो आपको ही चाहिए था!"

बावीस लावून परत डोंगरी गाठली. मुंगीसारखा, पण न उतरता चढलो. आणि वर बघायला सुरेश नाही, मावशीही नाही. छ्या!