सूर्य बुडायच्या आत

३ डिसेंबर
अविनाशच्या कंपनीत तपासणी झाली. साखर काठावर, वजन ब्याण्णव. घरी येऊन जाहीर केलं, आजपासून चौविहार. शेजारच्या जैन हंसाबेनसारखं सूर्य बुडायच्या आत जेवायचं, नंतर पाणीसुद्धा नाही. आम्ही अकोल्याची माणसं, आमच्यात कुठे हे! पण सुरतेत राहून नवरा बायकोपेक्षा शेजाऱ्यांचं जास्त ऐकतो.
मी शिकवते ती शाळा दुपारची. लिंबायतहून घरी पोचते तोवर दिवे लागलेले असतात. म्हणजे आता मी एकटी जेवणार.

९ डिसें.
तो पहाटे टुणकन उठणारा, मी सकाळी मेल्यासारखी. लग्नापासून असंच. रात्रीचं जेवण तेवढं दोघांचं होतं. मी वर्गातल्या पोरांच्या नकला करायची, तो हसता हसता ठसकायचा. आता मी ताट घेते तेव्हा हा आत घोरतोय. टीव्हीसमोर बसते. पोळ्या किती, नंतर भुसू, म्हणजे इथलं शेव-फरसाण, किती, लक्षच राहत नाही.

२८ डिसें.
त्याचं वजन उतरतंय, माझं चढतंय. त्याच्या पँटी सैल झाल्यात. मला म्हणाला, मनावर घेतलं की होतं. मनावरच तर घेतलंय रे बाप्पा.

६ जाने.
आहारवाल्या बाईंकडे गेले. म्हणाल्या, काही माणसं सकाळची असतात, काही संध्याकाळची, तो आळस नव्हे. संध्याकाळच्यांना भूक उशिरा लागते, मग अरबट-चरबट खाणं होतं, तेवढं सांभाळा. मला तिथेच रडू आलं. घरी सांगितलं, तर अविनाश म्हणे, बहाण्यांचीही फी घेतात का?

१४ जाने.
उत्तरायण. शाळेला सुट्टी. गच्चीवर पतंग, आणि भर उन्हात दोघांनी एका ताटात उंधियू खाल्लं. किती दिवसांनी! हंसाबेन सहज म्हणाल्या, "हवे दिवस मोटो थशे." दिवस मोठा होणार! म्हणजे सूर्य उशिरा बुडणार, आणि मी वेळेत पोचणार. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

११ फेब्रु.
आज पोचले तर उजेड होता. जिना धावत चढले. तो ताट विसळत होता.
म्हटलं, सूर्य आहे की अजून. म्हणाला, साडेपाचचीच सवय झालीय.
मी भुसूचा डबा घेऊन बसले.

२ मार्च
मोठ्या बाईंच्या विनवण्या करून सकाळपाळी मागून घेतली. डोकं जड, पहिल्याच तासाला फळ्यावर बेरीज चुकले. असू दे. साडेपाचला दोन ताटं वाढली. भूक नव्हती, तरी बसले. एक नक्कलही केली. त्याने वर पाहिलं नाही. शेवटी म्हणाला,
"वैशू, माझ्यासाठी नको करूस हे. मला एकट्याने जेवायला बरं वाटतं."
आमटी तेवढी संपवली. टाकायची कशी.

१९ मार्च
त्याने हजीऱ्याला कंपनीचं क्वार्टर घेतलंय. जाण्या-येण्याचा त्रास वाचतो म्हणे. सरळ विचारलं, वेगळं व्हायचंय का? "सध्या एवढंच," म्हणाला. धावायचे बूट नेले, वजनकाटा नेला. दारापर्यंत गेले नाही मी. मागून ओट्याशी उभी राहून खूप रडले.

८ एप्रिल
पुन्हा दुपारची शाळा घेतली. आता घरी पोचते तेव्हा खिडकीत चांगलं ऊन असतं. निवांत जेवता येईल एवढं. जेवायला कुणी नाही.

आज दिवे लावले आणि त्याचा फोन आला.
"जेवलीस?"
"नाही. तू?"
"नाही अजून."
बाहेर पार अंधार पडलेला. म्हटलं, अरे, तुझा चौविहार? ठेवतो म्हणाला.
कुकर लावताना तांदूळ दोघांचे घेतले गेले. तसेच धुतले.